एक्सेलच्या ग्रिडलाइन्स हव्या तशा कशा कराव्यात

स्प्रेडशीटची नवी फाइल उघडली की पडद्यावर फिकट राखाडी रेषांची जाळी दिसते. या रेषांना ग्रिडलाइन्स म्हणतात. एक सेल कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते हे डोळ्याला कळावे, आकडा चुकून शेजारच्या ओळीत भरला जाऊ नये, एवढ्यासाठी त्या असतात. १९७९ साली ॲपल टू संगणकावर आलेल्या व्हिजिकॅल्क या पहिल्या लोकप्रिय स्प्रेडशीटमध्ये अशी जाळी नव्हती. वर रकान्यांची अक्षरे, डावीकडे ओळींचे क्रमांक आणि मधल्या काळ्या पडद्यावर उमटलेले आकडे, एवढ्यावर काम भागवावे लागे. आज मात्र ग्रिडलाइन्स नसलेली शीट पाहिली की काहीतरी बिघडले आहे असेच बहुतेकांना वाटते.

या रेषा ज्या स्वरूपात मिळतात त्याच स्वरूपात वापरण्याची सक्ती नसते. त्या लपवता येतात, त्यांचा रंग बदलता येतो, कागदावर त्या छापायच्या की नाही हे ठरवता येते आणि नव्या प्रत्येक फाइलला हीच मांडणी आपोआप लागू होईल अशी सोयही करता येते. पुढील मार्गदर्शन मुख्यतः विंडोजवरच्या मायक्रोसॉफ्ट एक्सेलसाठी आहे. लिब्रेऑफिस कॅल्क आणि गूगल शीट्स यांचे मार्ग थोडे वेगळे आहेत, ते नंतर येतात.

ग्रिडलाइन आणि बॉर्डर

सगळा गोंधळ या दोन गोष्टी एक मानल्याने होतो. ग्रिडलाइन ही शीटच्या देखाव्याचा भाग असते. ती कोणत्याही सेलची नसते, संपूर्ण शीटची असते. म्हणून ती एखाद्या सेलपुरती किंवा एखाद्या तक्त्यापुरती चालू वा बंद करता येत नाही. बॉर्डर सेलची असते. ती त्या सेलला मुद्दाम द्यावी लागते, सेलच्या चारही बाजूंना वेगवेगळी देता येते, सेल कॉपी केली की बरोबर जाते आणि छपाईत आपोआप उमटते. ग्रिडलाइन मात्र मुद्दाम सांगितल्याशिवाय एक्सेल छापत नाही.

यावरून एक साधा नियम निघतो. काम करताना नजरेला आधार हवा असेल तर ग्रिडलाइन पुरते. वाचणाऱ्याला काही दाखवायचे असेल, म्हणजे बेरजेची ओळ वेगळी काढायची असेल, तक्त्याची चौकट ठरवायची असेल, विभाग पाडायचे असतील, तर बॉर्डर हवी. ग्रिडलाइनची जाडी वाढवता येत नाही, ती तुटक किंवा ठिपक्यांची करता येत नाही, आडव्या रेषा ठेवून उभ्या काढताही येत नाहीत. एक्सेलमध्ये तिचा फक्त रंग बदलतो. हवी असलेली गोष्ट यापलीकडची असेल, तर सेटिंग्जमध्ये शोधत बसण्यात वेळ न घालवता सरळ बॉर्डरकडे वळावे.

दाखवणे आणि लपवणे

सर्वांत जवळचा मार्ग वरच्या पट्टीतल्या व्ह्यू टॅबमध्ये आहे. तिथे शो या गटात ग्रिडलाइन्स असा चौकोन असतो. त्यातली बरोबरची खूण काढली की समोरच्या शीटवरची जाळी नाहीशी होते, पुन्हा खूण केली की परत येते. पेज लेआउट टॅबमध्येही शीट ऑप्शन्स या गटात ग्रिडलाइन्सखाली व्ह्यू आणि प्रिंट असे दोन चौकोन आहेत. त्यातला व्ह्यू हा चौकोन हेच काम करतो. मॅकवरच्या एक्सेलमध्येही पेज लेआउट टॅबमध्ये हा चौकोन सापडतो. हात कीबोर्डवर ठेवून काम करणाऱ्यांना विंडोजवर ऑल्ट, डब्ल्यू, व्ही आणि जी या कळा एकामागून एक दाबूनही जाळी चालू-बंद करता येते. या चारही कळा एकदम धरून ठेवायच्या नसतात.

ही निवड शीटगणिक साठवली जाते. एका फाइलमध्ये बारा महिन्यांच्या बारा शीट असतील आणि जानेवारीच्या शीटवर जाळी लपवली, तर फेब्रुवारीच्या शीटवर ती तशीच राहते. शिवाय ही निवड फाइलमध्येच जपली जाते. फाइल दुसऱ्या कोणाला पाठवली की त्याच्याही संगणकावर ती शीट जाळीशिवायच उघडते. सहकाऱ्याने पाठवलेल्या फाइलमध्ये रेषा नाहीत म्हणून आपल्या एक्सेलची सेटिंग्ज तपासण्यात अर्थ नसतो. बदल त्या फाइलमध्ये झालेला असतो.

जाळी लपवावी केव्हा? आलेख आणि मोजके मोठे आकडे असलेली सारांशाची शीट, वरिष्ठांना दाखवायचा अहवाल, भरून घ्यायचा अर्ज, या ठिकाणी जाळी काढली की पान एकदम मोकळे दिसते आणि नजर मजकुरावर जाते. कच्च्या आकड्यांच्या शीटवर मात्र ती ठेवावी. सोसायटीच्या देखभाल खर्चाची वर्षभराची नोंद किंवा वर्गाचे गुणपत्रक यांत वीस रकाने ओलांडून उजवीकडे जाताना ओळ हातातून सुटते, तिथे नुसती देखणी मांडणी कामाला येत नाही.

रंग बदलणे

एक्सेलने दिलेला मूळ राखाडी रंग इतका फिकट असतो की चांगल्या पडद्यावर तो डोळ्यांना त्रास देत नाही. पण प्रोजेक्टरवर, जुन्या मॉनिटरवर किंवा खिडकीतून ऊन येणाऱ्या खोलीत तो जवळजवळ दिसेनासा होतो. सभागृहात पडद्यावर हिशेब दाखवताना मागच्या रांगेतल्या माणसाला आकड्यांची ओळ लागत नाही, त्याचे हे एक कारण असते. दृष्टी अधू असलेल्या वापरकर्त्यालाही ही जाळी असून नसल्यासारखीच. अशा वेळी रंग गडद करणे हाच सोपा उपाय.

त्यासाठी फाइल टॅबमधून ऑप्शन्स उघडावे आणि डावीकडच्या यादीतून ॲडव्हान्स्ड निवडावे. उजवीकडची यादी लांबलचक आहे. ती खाली सरकवत नेली की डिस्प्ले ऑप्शन्स फॉर धिस वर्कशीट हा विभाग येतो. त्याच्या थोडे वर डिस्प्ले ऑप्शन्स फॉर धिस वर्कबुक या नावाचा दुसरा विभाग आहे. घाईत दोन्हींत गल्लत होते, म्हणून शेवटचा शब्द नीट वाचावा. विभागाच्या नावाशेजारी शीटचे नाव दाखवणारी यादी असते. बदल ज्या शीटवर हवा तीच तिथे निवडलेली आहे ना, हे आधी पाहावे. शो ग्रिडलाइन्स या चौकोनात खूण असल्याची खात्री करावी. त्याखाली ग्रिडलाइन कलर या नावापुढे रंगाचे बटण आहे. ते दाबले की रंगांचा पट उघडतो. हवा तो रंग निवडून ओके म्हटले की काम झाले. मूळ रंगावर परत यायचे असेल तर त्याच पटात सर्वांत वर असलेला ऑटोमॅटिक हा पर्याय निवडावा.

या पटातले रंग ठरावीक असतात. एक्सेलच्या जुन्या ५६ रंगांच्या पटातूनच ग्रिडलाइनचा रंग निवडावा लागतो. सेलच्या रंगासाठी मिळते तशी मनाजोगती छटा मिसळण्याची सोय इथे नाही. तरी राखाडीच्या चार छटा मिळतात, म्हणजे २५, ४०, ५० आणि ८० टक्के काळेपणाच्या, आणि बहुतेक कामांना तेवढ्या पुरतात. रोजच्या कामाला २५ टक्क्यांची छटा चांगली. प्रोजेक्टरवर दाखवायचे असेल तर ४० किंवा ५० टक्क्यांची घ्यावी. काळा रंग टाळावा, कारण मग बॉर्डर आणि ग्रिडलाइन यांत फरक उरत नाही आणि बेरजेखाली मुद्दाम ओढलेली रेषा जाळीत हरवून जाते. लाल रंगही टाळावा. हिशेबाच्या शीटवर लाल रंग तुटीसाठी आणि चुकांसाठी राखून ठेवलेला बरा. फिकट निळा मात्र डोळ्याला सुखावतो. आखीव वह्यांच्या सवयीमुळे तो पटकन परका वाटत नाही.

देवनागरी मजकुराच्या शीटमध्ये एक गोष्ट वेगळी ध्यानात घ्यावी लागते. देवनागरीत प्रत्येक शब्दाला स्वतःचीच आडवी शिरोरेषा असते, तिच्यावर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार. ओळीची उंची कमी असेल आणि ग्रिडलाइन गडद असेल, तर ग्रिडलाइन व शिरोरेषा अशा दोन आडव्या रेषा एकमेकींना चिकटून दिसतात आणि वाचन जड होते. रोमन अक्षरांच्या शीटवर जो गडदपणा खपून जातो तो मराठी नावांच्या यादीत खुपतो. यावर उपाय दोन, आणि ते एकत्र करावेत: ग्रिडलाइन फिकटच ठेवावी आणि ओळीची उंची वाढवावी. कॅलिब्री ११ या जुन्या ओळखीच्या फाँटसाठी एक्सेल ओळीची उंची १५ पॉइंट धरते. मंगल किंवा निर्मला यूआय यांसारख्या फाँटमधल्या मराठी मजकुराला ती १८ ते २१ पॉइंटपर्यंत नेली की अक्षरे मोकळा श्वास घेतात. त्यासाठी ओळी निवडून डावीकडच्या क्रमांकांवर माउसचे उजवे बटण दाबावे आणि रो हाइट निवडून आकडा भरावा. शिवाय मजकूर सेलच्या तळाशी न ठेवता होम टॅबमधल्या मिडल अलाइन या बटणाने मधोमध घ्यावा. तसे केल्याने उकार खालच्या रेषेवर टेकत नाहीत.

अनेक शीट एकदम

बारा शीटवर बारा वेळा तीच कसरत करण्याची गरज नाही. खालच्या बाजूला शीटच्या नावांचे टॅब असतात. कंट्रोल कळ धरून हवे ते टॅब एकेक निवडावेत, किंवा कोणत्याही टॅबवर उजवे बटण दाबून सिलेक्ट ऑल शीट्स म्हणावे. आता ग्रिडलाइन लपवली किंवा तिचा रंग बदलला की तो बदल निवडलेल्या सर्व शीटना लागतो. शीट अशा गटात असताना फाइलच्या नावापुढे वरच्या पट्टीत ग्रुप हा शब्द दिसतो.

काम होताच हा गट मोडावा. टॅबवर उजवे बटण दाबून अनग्रुप शीट्स म्हटले की झाले. ही पायरी विसरली आणि समोरच्या शीटवर एखादा आकडा भरला, तर तोच आकडा गटातल्या प्रत्येक शीटवर त्याच सेलमध्ये जाऊन बसतो. आधीचा आकडा पुसला जातो आणि समोर काहीच वावगे दिसत नाही. मासिक हिशेबाच्या फाइलमध्ये अशी चूक वर्षअखेरीपर्यंत लपून राहू शकते, म्हणून इथे घाई नको.

नव्या फाइलला आपोआप हीच मांडणी

यापुढे उघडणाऱ्या सगळ्या फाइलमध्ये ग्रिडलाइनचा रंग अमुक असावा, असे एका ठिकाणी सांगण्याची सोय एक्सेलच्या ऑप्शन्समध्ये नाही. रंग शीटशी बांधलेला असल्यामुळे मार्ग टेम्प्लेटमधून जातो. हा मार्ग फारसा कोणी वापरत नाही, पण एकदा केला की कायमचा उपयोगी पडतो.

प्रथम कोरी फाइल उघडून तिच्यात सर्व काही मनासारखे करून घ्यावे: ग्रिडलाइनचा रंग, फाँट, ओळींची उंची, कागदाचा आकार, समास. मग सेव्ह ॲज निवडून आधी प्रकार एक्सेल टेम्प्लेट असा करावा. प्रकार बदलताच एक्सेल स्वतःहून टेम्प्लेट ठेवण्याच्या वेगळ्या फोल्डरमध्ये जाते, म्हणून जागा त्यानंतर निवडावी. क्रम उलटा केला तर फाइल भलतीकडेच जाते. ही फाइल एक्सएलस्टार्ट नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची असते. तो फोल्डर वापरकर्त्याच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, एक्सेल या पायऱ्यांनी सापडतो. ॲपडेटा हा फोल्डर विंडोज लपवून ठेवते, त्यामुळे फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमधून लपलेल्या वस्तू दाखवण्याचा पर्याय आधी चालू करावा लागतो. फाइलचे नाव इंग्रजी अक्षरांत बुक असेच हवे. दुसरे कोणतेही नाव दिले तर एक्सेल तिला नव्या फाइलचा साचा मानत नाही, चालू होताना तिच्यावरून एक फाइल तेवढी उघडून ठेवते.

एवढे केल्यावर कंट्रोल आणि एन दाबून उघडलेली प्रत्येक नवी फाइल याच मांडणीची असते. एक्सेल सुरू होताना येणाऱ्या स्वागताच्या पडद्यावरून ब्लँक वर्कबुक निवडले तर मात्र जुनीच मूळ मांडणी येते. ते टाळायचे असेल तर ऑप्शन्समधल्या जनरल विभागात स्टार्ट स्क्रीन दाखवण्याची खूण काढून टाकावी. मग एक्सेल उघडताच तयार साच्याची फाइल समोर येते.

अजून एक पायरी उरते. चालू फाइलमध्ये अधिकच्या चिन्हाने नवी शीट जोडली की ती बुकच्या साच्यातून येत नाही. तिच्यासाठी एकच शीट असलेला दुसरा टेम्प्लेट त्याच फोल्डरमध्ये इंग्रजी अक्षरांत शीट या नावाने ठेवावा लागतो. हे दोन्ही साचे असले तरी आधी बनवलेल्या जुन्या फाइलवर त्यांचा काहीही परिणाम होत नाही. कार्यालयात अनेक संगणक असतील तर या दोन फाइल प्रत्येक वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये ठेवाव्या लागतात.

लिब्रेऑफिस कॅल्क

मोफत मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्ये या बाबतीत एक्सेलपेक्षा अधिक मोकळीक आहे. समोरच्या शीटपुरती जाळी चालू-बंद करायची असेल तर व्ह्यू मेनूमधले व्ह्यू ग्रिड लाइन्स पुरते. बाकीची मांडणी टूल्स मेनूतल्या ऑप्शन्समध्ये लिब्रेऑफिस कॅल्क आणि त्याखालच्या व्ह्यू या पानावर असते. तिथे जाळीसाठी तीन पर्याय आहेत: दाखवणे, लपवणे आणि रंग भरलेल्या सेलवरही दाखवणे. हा तिसरा पर्याय मोलाचा आहे. एक्सेलमध्ये सेलला पार्श्वभूमीचा रंग दिला की तिथली ग्रिडलाइन झाकली जाते आणि ती परत आणण्याचा मार्ग नसतो. कॅल्कमध्ये ती रंगावरूनही उमटते.

जाळीचा रंग संपूर्ण प्रोग्रामसाठी एकदाच ठरवता येतो. ऑप्शन्समध्ये लिब्रेऑफिसखाली ॲप्लिकेशन कलर्स हे पान आहे. अलीकडच्या आवृत्त्यांत हीच सोय ॲपिअरन्स या नावाखाली मिळते. तिथल्या यादीत स्प्रेडशीट या शीर्षकाखाली ग्रिड लाइन्सचा रंग निवडावा. हा रंग वापरकर्त्याच्या संगणकापुरता असतो, फाइलबरोबर जात नाही. फाइलमध्येच जपलेला रंग दिसायला हवा असेल तर तिथे ऑटोमॅटिक ठेवावे लागते. एखाद्याने पाठवलेल्या फाइलचा रंग आपल्याकडे वेगळा दिसतो त्याचे कारण बहुधा इथे सापडते.

कागदावर जाळी छापण्यासाठी फॉरमॅट मेनूतून पेज स्टाइल उघडावे, शीट या टॅबवर जावे आणि प्रिंट या भागातल्या ग्रिडवर खूण करावी. पेज स्टाइल अनेक शीट मिळून वापरत असतात, त्यामुळे एका ठिकाणी केलेली खूण तीच स्टाइल असलेल्या सर्व शीटना लागू होते. पुढच्या सर्व फाइलना हीच मांडणी हवी असेल तर फाइल मेनूतल्या टेम्प्लेट्समधून सेव्ह ॲज टेम्प्लेट निवडून तिथेच तो मूळ टेम्प्लेट म्हणून ठरवण्याची खूण करावी. एक्सेलसारखे लपलेले फोल्डर धुंडाळावे लागत नाहीत.

गूगल शीट्स

इथे पर्याय थोडे आहेत. व्ह्यू मेनूमध्ये शो आणि त्यात ग्रिडलाइन्स, एवढाच स्विच. रंग बदलण्याची सोय नाही. हा स्विच समोरच्या शीटचा असतो आणि फाइल ज्यांच्याशी वाटून घेतली आहे त्या सगळ्यांना त्याचा परिणाम दिसतो, म्हणून सामायिक फाइलमध्ये जाळी लपवण्याआधी इतरांना सांगणे बरे. छपाईच्या वेळी फॉरमॅटिंग या भागात शो ग्रिडलाइन्सचा वेगळा चौकोन असतो, तो प्रत्येक वेळी पाहून घ्यावा. रेषांऐवजी एकाआड एक ओळींना फिकट रंग देण्याची सोय फॉरमॅट मेनूतल्या अल्टरनेटिंग कलर्समध्ये आहे. रंगाची उणीव ती बरीच भरून काढते.

जाड, तुटक किंवा मोजक्याच रेषा हव्या असतील तर

इथून पुढे बॉर्डरचे काम. एक्सेलमध्ये हवा तो भाग निवडून कंट्रोल आणि १ दाबले की फॉरमॅट सेल्सची चौकट उघडते. तिच्यात बॉर्डर या टॅबवर रेषेचे १३ प्रकार मिळतात: केसासारखी बारीक, ठिपक्यांची, तुटक, दुहेरी, जाड वगैरे. रंगही मनाप्रमाणे घेता येतो. क्रम महत्त्वाचा आहे. आधी रेषेचा प्रकार, मग रंग, आणि त्यानंतर आउटलाइन किंवा इनसाइड हे बटण. बटण आधी दाबून मग रंग निवडला तर आधी ओढलेल्या रेषेचा रंग बदलत नाही. रंग लागतच नाही ही तक्रार बहुतेक वेळा या उलट्या क्रमातून येते.

जाळीसारखाच पण थोडा सौम्य परिणाम हवा असेल तर निवडलेल्या भागाला फिकट राखाडी ठिपक्यांची आतली बॉर्डर आणि गडद बाहेरची बॉर्डर द्यावी. फक्त आडव्या रेषा ठेवल्या तर तक्ता आणखी स्वच्छ दिसतो. रकाने आपापल्या आकड्यांच्या रांगेने वेगळे कळतातच, उभ्या रेषांची गरज बऱ्याचदा नसते. चांगल्या छापील पुस्तकातले तक्ते पाहिले तर त्यांत उभ्या रेषा क्वचितच आढळतात.

यादी वाढत जाणारी असेल तर दर नव्या नोंदीला बॉर्डर देत बसणे कंटाळवाणे होते. तिथे कंडिशनल फॉरमॅटिंग कामाला येते. पहिल्या रकान्यातली सेल रिकामी नसेल तर त्या संपूर्ण ओळीला बॉर्डर द्यावी असा नियम केला, की नाव भरताच ओळ आखली जाते आणि नाव पुसताच रेषा जाते. या मार्गाने फक्त बारीक रेषा मिळतात, जाड नाहीत. दुसरा उपाय म्हणजे यादी निवडून कंट्रोल आणि टी दाबावे. यादीचे रूपांतर टेबलमध्ये होते, एकाआड एक ओळी रंगतात आणि नवी ओळ जोडली की मांडणी आपोआप पुढे सरकते. मोठ्या यादीसाठी हा दुसरा उपाय अधिक टिकाऊ आहे.

सर्व फाइलभर वेगळ्याच प्रकारची जाळी हवी असेल तर होम टॅबमधल्या सेल स्टाइल्समध्ये नॉर्मल या स्टाइलवर उजवे बटण दाबून मॉडिफाय निवडावे आणि तिलाच बॉर्डर द्यावी. नॉर्मल ही प्रत्येक सेलची मूळ स्टाइल असल्याने त्या फाइलमधल्या सगळ्या शीटवर नवी जाळी येते. हा बदल फार दूरवर पोहोचतो, म्हणून छपाईचा नमुना पडद्यावर पाहिल्याशिवाय अशी फाइल पुढे पाठवू नये.

बॉर्डर काढताना एक अडचण येते. शेजारच्या दोन सेलमधली कड दोघींची असते. एका सेलची उजवी बॉर्डर आणि पुढच्या सेलची डावी बॉर्डर एकाच जागी दिसतात. एकीची काढूनही रेषा राहिली तर ती दुसरीची असते. दोन्ही सेल एकत्र निवडून कंट्रोल, शिफ्ट आणि अंडरस्कोर दाबले की दोन्ही जातात.

कागदावर उतरवताना

एक्सेलमध्ये ग्रिडलाइन छापायची असेल तर पेज लेआउट टॅबमधल्या शीट ऑप्शन्समध्ये ग्रिडलाइन्सखालच्या प्रिंट या चौकोनात खूण करावी. व्ह्यू आणि प्रिंट हे चौकोन एकमेकांवर अवलंबून नसतात. पडद्यावर जाळी लपवून कागदावर छापता येते आणि याच्या उलटही. पीडीएफ बनवतानाही प्रिंटचीच खूण लागू होते, त्यामुळे पडद्यावर दिसणारी जाळी पीडीएफमध्ये नसली तर आधी तोच चौकोन तपासावा.

छापील जाळी सहसा जिथे मजकूर आहे तेवढ्याच भागाभोवती येते. हाताने भरण्यासाठी कोरा आखीव तक्ता हवा असेल, म्हणजे हजेरीपत्रक किंवा सभेच्या उपस्थितीची नोंद, तर रिकाम्या सेलसह संपूर्ण भाग निवडून पेज लेआउटमधल्या प्रिंट एरियातून सेट प्रिंट एरिया म्हणावे लागते. तरीही अशा तक्त्यासाठी बॉर्डरच अधिक भरवशाची. तिची जाडी आपल्या हातात असते आणि झेरॉक्सच्या प्रतीतही ती नीट उतरते.

प्रिंटवर खूण करूनही रेषा छापल्या गेल्या नाहीत तर पेज सेटअपची चौकट उघडून शीट या टॅबवर ड्राफ्ट क्वालिटी चालू आहे का ते पाहावे. ती खूण काढली की रेषा छापल्या जातात. प्रिंटचा चौकोन धूसर दिसत असेल आणि त्यावर खूण होत नसेल, तर शीटवरचा एखादा आलेख किंवा चित्र निवडलेले असते. कोणत्याही साध्या सेलवर क्लिक केले की चौकोन पुन्हा खुला होतो.

रेषा अचानक दिसेनाशा झाल्या तर

शीटच्या एखाद्याच भागातली जाळी गेली असेल तर जवळपास नेहमी कारण पांढरा रंग असते. रंग पुसण्यासाठी नो फिल हा पर्याय असतो, पण त्याऐवजी कोणीतरी पांढरा रंग भरतो. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण पांढरा हा भरलेला रंग आहे आणि तो ग्रिडलाइन झाकतो. तो भाग निवडून होम टॅबमधल्या रंगाच्या डब्यातून नो फिल निवडावे. तरी रेषा येत नसतील तर कंडिशनल फॉरमॅटिंगचा एखादा नियम पांढरा रंग भरत आहे का, किंवा बॉर्डरच पांढरी दिली आहे का, ते पाहावे. इंटरनेटवरून किंवा दुसऱ्या प्रोग्राममधून चिकटवलेला तक्ता बहुधा असा पांढरा रंग बरोबर घेऊन येतो. चिकटवताना फक्त मजकूर घेण्याचा पर्याय निवडला तर ही अडचण मुळातच येत नाही.

संपूर्ण शीटवरची जाळी गेली असेल तर प्रथम व्ह्यू टॅबमधली खूण पाहावी. खूण असूनही रेषा नसतील तर ऑप्शन्समध्ये ग्रिडलाइनचा रंगच पांढरा केलेला असू शकतो, तो ऑटोमॅटिक करावा. एखाद्याच सेलच्या उजवीकडची रेषा तुटलेली असेल तर बहुधा तिथे बिघाड नसतो. लांबलचक मजकूर शेजारच्या रिकाम्या सेलवर पसरला की एक्सेल मधली रेषा काढून टाकते, आणि रकाना रुंद केला किंवा रॅप टेक्स्ट लावले की ती परत येते. एकत्र केलेल्या सेलच्या आतल्या रेषा मात्र सेल पुन्हा वेगळ्या केल्याशिवाय दिसत नाहीत.

तक्ता वर्डच्या फाइलमध्ये चिकटवला तर बॉर्डर बरोबर जाते, ग्रिडलाइन जात नाही. अहवालात जाळीसह चित्र हवे असेल तर होम टॅबमधल्या कॉपीच्या बाणातून कॉपी ॲज पिक्चर निवडून ॲज शोन ऑन स्क्रीन हा पर्याय घ्यावा. मग पडद्यावर जाळी जशी दिसते तशीच चित्रात येते. ॲज शोन व्हेन प्रिंटेड घेतले तर प्रिंटच्या चौकोनातली खूण लागू होते. रंग बदललेली एक्सेलची फाइल गूगल शीट्समध्ये उघडायची असेल तर ग्रिडलाइनचा रंग तिथे टिकत नाही, बॉर्डरचा टिकतो. त्यामुळे अनेक प्रोग्राममधून फिरणाऱ्या फाइलमध्ये महत्त्वाच्या रेषा सुरुवातीपासूनच बॉर्डरने आखाव्यात.